वाटी कोणी नेली?

शनिवारी दुपारी कुंदाने टोपली दिवाणावर पालथी केली, एकेक वाटी उलटीसुलटी करून पाहिली आणि तिच्या कपाळावर आठी चढली. बिस्किटी रंगाची वाटी त्यात नव्हती.

या वाट्या स्वयंपाकघरातल्या नव्हेत. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांना आतल्या कपड्यात घालता याव्यात म्हणून मुलुंडच्या या सोसायटीतल्या बायका मऊ सुती दोऱ्याच्या, क्रोशाने विणलेल्या, आत कापूस भरलेल्या गोल वस्तू फुकट करून देत. वस्तूला म्हणायचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी पडला होता. खरा शब्द उच्चारायला सगळ्यांची जीभ जड झाली, तेव्हा कुंदाने 'वाटी' म्हणून टाकलं आणि ते चिकटलं. इतकं की जेवताना आमटीची वाटी मागायची झाली तर तिच्या नवऱ्याला, मधुकररावांना, चारचारदा विचार करावा लागे.

बिस्किटी वाटी कुंदाने स्वतः विणली होती, गोराईच्या प्रियंकाच्या मापाची. प्रियंका वयाने कुंदाच्या मुलीपेक्षा, इरापेक्षाही लहान, चैत्रात ऑपरेशन झालेलं. उद्या सोसायटीच्या हॉलमध्ये तपासणी शिबिर होतं, तिथे येऊन ती वाटी घेऊन जाणार होती. काल संध्याकाळी कुंदाने शेवटचा टाका घातला, कापूस सकाळी भरू म्हणून तशीच मऊ, रिकामी वाटी टोपलीत ठेवली आणि टोपली कपाटावर. त्यानंतर बाहेरचं कुणी घरात पाऊल ठेवलेलं नव्हतं.

म्हणजे वाटी घरातल्याच कुणीतरी घेतली होती. आणि वाटी काही कुणी हौसेने चोरत नाही.

कुंदा धास्तावली ती यामुळे. तिच्या थोरल्या नणंदेने, मंदावन्संनी, अकरा वर्षांपूर्वी गाठ वर्षभर लपवली होती. जखम वाहायला लागली तशी पोलक्याच्या आत जुन्या धोतराची मऊ घडी ठेवून त्या घरभर वावरायच्या, पुरणपोळ्या लाटायच्या, हसायच्या. शेवटी तापाने आडव्या झाल्या तेव्हा सगळं उघड झालं. जीव वाचला, पण कशाने वाचला ते डॉक्टरांनाच ठाऊक. त्यांना न्हाऊ-माखू घालणारी कुंदा होती. तेव्हापासून तिने घरात बजावून ठेवलं होतं, की यापुढे कुणी असलं काही लपवलं तर मी त्या माणसाला कधी माफ करणार नाही. आणि आता घरातलं कुणीतरी तिच्या नाकावर टिच्चून नेमकं तेच करत होतं.

तिने मनातल्या मनात घरातल्या बायका मोजल्या. सून रेवती. मुलगी इरावती. शिबिरासाठी बोरिवलीहून चार दिवस राहायला आलेल्या मंदावन्सं. तिघीही या क्षणी समोरच बसल्या होत्या, मांडीवर विणकाम घेऊन, जशा काही गावच्याच नाहीत.

"बिस्किटी वाटी कोणी घेतल्ये?" कुंदाने विचारलं.

"कोणती?" इरा म्हणाली.

"प्रियंकाची. रिकामी होती. कपाटावरून आपण होऊन उतरली आणि चालती झाली म्हणायची."

"अगं, पडली असेल कपाटामागे," मंदावन्सं सुईवरून नजर न उचलता म्हणाल्या.

"बघितलं मागे. जळमटं आहेत. वाटी नाही."

रेवतीचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, कट केला आणि फोन उलटा ठेवला. कुंदाचं लक्ष होतंच. गेले पंधरा-वीस दिवस हे चाललं होतं. फोन आला की बाईसाहेब गॅलरीत, दार लोटून, आवाज हळू. परवा कुंदा तुळशीला पाणी घालायच्या निमित्ताने गॅलरीत गेली तर "नंतर बोलते" म्हणून फोन बंद. श्रेयस कामासाठी बंगळूरला जाऊन बसलेला, त्याला बायकोकडे बघायला वेळ कुठला.

"रेवती, तुझं वजन उतरलंय का गं?" कुंदाने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"उतरलंय? काय बोलताय आई! पायजम्याची नाडी पुरेना मला."

"मग दार लावून कुणाशी बोलतेस?"

रेवतीचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात दारात मधुकरराव येऊन उभे राहिले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीची प्रत्येक सूचना त्यांच्याच हातची. अक्षर असं गोल आणि सुबक की पाणी बंदची नोटीससुद्धा वाचावीशी वाटे. आत्ताही उद्यासाठी रंगवलेला फळा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. 'स्तनाचा कर्करोग: तपासणी व माहिती शिबिर. फक्त महिलांसाठी. पुरुषांनी कृपया बाहेर थांबावे.'

"बघा बरं, ठीक आहे ना?" ते म्हणाले.

"झकास, बाबा," इरा म्हणाली.

"नाही, म्हणजे…" ते घुटमळले. "उद्या दारावर मीच आहे. एखाद्या पुरुषाने येऊन विचारलं, की मलाही डॉक्टरांना काही विचारायचंय, तर काय सांगायचं?"

"सांगायचं, घरी जा आणि बायको येईपर्यंत चहा टाकून ठेवा," कुंदा म्हणाली. "अहो, आम्ही काहीतरी बोलतोय. पुरुषांचं इथे काय काम? जा बघू."

सगळ्या हसल्या. मधुकररावही हसले, फळा घेऊन मागे फिरले आणि जाताना दार ओढून घेतलं. कुंदाला एवढंच जाणवलं, की या माणसाने भर उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलीत. पण तिच्या डोक्यात वाटी होती.

"हं, बोल रेवती."

"आई, प्लीज ना. तुम्हाला वाटतंय तसं काही नाहीये."

"मला काय वाटतंय ते तुला कसं कळलं?"

"कळायला काय झालंय? सकाळपासून तुम्ही आमच्या छातीकडे बघताय!" रेवतीचा आवाज चढला. "ऐकायचंय ना? ब्रोकरचे फोन आहेत. ठाण्याला घर बघतोय आम्ही. श्रेयस परत आला की तो सांगणार होता. झालं समाधान?"

खोलीत सुया थांबल्या. आजाराची भीती होती तिथे हे भलतंच निघालं, आणि सुटल्याचा आनंद करावा की घर फुटल्याचं दुःख, हेच कुंदाला कळेना. खरं सांगायचं तर दुःखच जास्त झालं.

"म्हणजे सासू नको झाली," ती म्हणाली.

"असं कोण म्हणालं?"

"कुंदा, पुरे," मंदावन्सं म्हणाल्या. "पोरांना स्वतःचं घर हवं असतं. तुला नको होतं का? लग्नाला वर्ष होत नाही तर आमच्या आईच्या मागे दादरचं बिऱ्हाड सोडायचं टुमणं लावलंस ते कोण होतं?"

हे खरं होतं आणि म्हणूनच कुंदाला झोंबलं. तिने मोर्चा वळवला.

"वन्सं, तुम्ही परवा रात्री कण्हत होतात."

"कंबर आहे माझी. सत्तरी उलटली."

"मागची तपासणी कधी केली होती?"

"दिवाळीनंतर. सगळं साफ. इरा होती बरोबर, विचार तिला." मंदावन्संनी विणकाम बाजूला ठेवलं आणि पदर सरळ केला. "एकदा चूक केली म्हणून जन्मभर माझी झडती घेणार आहेस का? मला तिथे वाटी लागतेच, आणि ती मी तुझ्यासमोर तुझ्या हातून घेत्ये. चोरायची काय गरज?"

उरली इरा. ती मावशीच्या लग्नाला आल्यासारखी निवांत बसली होती, आणि हेच कुंदाला खटकलं. आईने तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आई, माझ्यावर येऊ नकोस यार. मी ठणठणीत आहे. पण उद्या मी रक्त देणारे, हे सांगून ठेवते."

हा वाद जुना होता. उद्या शिबिरात डॉक्टरांबरोबर संशोधन करणाऱ्या संस्थेची माणसंही येणार होती. ज्या घरात हा आजार होऊन गेलाय, त्या घरातल्या नातेवाइकांचं रक्त त्यांना अभ्यासासाठी हवं होतं. मंदावन्संनी आधीच होकार कळवला होता. कुंदाचा मात्र साफ विरोध. शिबिर करा, वाट्या विणा, बायकांना तपासायला शिकवा, पहाटेपासून राबायची तयारी होती तिची. पण रक्त देणं म्हणजे आपल्या घराला डाग आहे असं आपणच लिहून देणं. इराचं सर्वेशशी जमलेलं, साखरपुडा तोंडावर आलेला.

"सर्वेशच्या घरी कळलं म्हणजे?" ती म्हणाली.

"सर्वेशला माहित्ये. तोच मला सोडायला येणारे."

"अगं, त्याला चालेल, त्याच्या आईला? आत्याला झालं तर भाचीलाही होईल, असं त्या बाईच्या डोक्यात बसलं की वाट लागली सगळ्याची."

"कदाचित होईलही. तेच तर शोधतायत ना ते लोक! कुणात आहे हे आधी कळलं तर वेळेत काहीतरी करता येईल."

"इराचं बरोबर आहे," रेवती म्हणाली. आत्तापर्यंत नणंद-भावजयींचं फारसं सूत नव्हतं, पण कुंदाच्या चौकशीने दोघींना एका बाजूला आणून बसवलं होतं. "आणि आई, खरं सांगू? आम्हाला तर तुमचाच संशय येतोय."

"माझा?"

"दोन वर्षं सोसायटीभर सांगत फिरताय, तपासून घ्या, तपासून घ्या. तुम्ही स्वतः कधी तपासून घेतलंत?"

कुंदाने मंदावन्संकडे पाहिलं. त्या खिडकीकडे बघत होत्या. म्हणजे त्याही यात सामील.

"मला काय धाड भरल्ये?" कुंदा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. ती कधी गेली नव्हती हे खरं. भीती वाटे, दुसरं काय. दुसऱ्याला आरसा दाखवणं सोपं असतं आणि त्या सोपेपणावर तिने दोन वर्षं काढली होती. "वाटी मी कशाला घेऊ? मीच विणली, मीच शोधत्ये!"

"चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातलं असेल," इरा पुटपुटली आणि रेवतीला हसू आवरेना.

कुंदा तरातरा उठून स्वयंपाकघरात गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण घरासाठी जीव टाकायचा आणि घराने आपल्यालाच पिंजऱ्यात उभं करायचं.

चहाचं आधण उकळत होतं तेव्हा मंदावन्सं मागोमाग येऊन ओट्याला टेकल्या. भांडण मिटवायची त्यांची ही जुनी पद्धत. मूळ विषय सोडून भलतंच काहीतरी बोलायला लागायचं.

"मधू हल्ली घरात फार मदत करतो म्हणे."

"हो तर," कुंदा नाक ओढत म्हणाली. "चाळीस वर्षं आंघोळीनंतर बनियन बादलीत टाकून यायचे. आता काही महिने झाले, स्वतःचं बनियन स्वतः पिळून वाळत घालतात. मी तर सगळ्यांना सांगितलं, निवृत्तीनंतर का होईना, माणूस सुधारला."

"बरंय की."

"बरं कसलं? एकीकडे सुधारले आणि दुसरीकडे बिघडले. सोवळं नेसून उघड्या अंगाने पूजा करणारा माणूस. तुम्हाला माहित्ये, उपरणंसुद्धा खांद्यावर राहायचं नाही. ते आता सदऱ्यावर पूजा करतात. विचारलं तर म्हणे गारठा वाजतो. मुलुंडात गारठा! गणपतीतसुद्धा प्रतिष्ठापनेला श्रेयसला बसवलं. गुडघे दुखतात म्हणे."

मंदावन्सं सुस्कारल्या. "वय झालं गं. अण्णांनीसुद्धा शेवटच्या वर्षी सोवळं सोडलं होतं."

अण्णा म्हणजे कुंदाचे सासरे, शरच्चंद्र वैशंपायन. कुंदा घरात आली त्याच्या आधीच ते गेले होते. त्यांचा हार घातलेला फोटो तेवढा तिच्या ओळखीचा.

"का सोडलं होतं?"

"छातीला काहीतरी झालं होतं. आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. आई म्हणायची, छातीचा विकार. मी तर कायम हृदयाचंच समजत आल्ये." मंदावन्संनी साखरेचा डबा पुढे सरकवला. "पण बाहेरून जखम होती हे खरं. आई कापडाच्या घड्या घालून द्यायची."

चहा उतू गेला. मंदावन्संनीच गॅस बंद केला. कुंदा तशीच उभी होती, चिमटा हातात धरून. बंद बटणं. पिळलेलं बनियन. छातीशी धरलेला फळा. तिने घरातल्या बायका मोजल्या होत्या. बायकाच फक्त मोजल्या होत्या.

"काय गं, काय झालं?" मंदावन्संनी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. आपलं चुकत असू दे, अशी तिने त्या चहाच्या भांड्यासमोरच देवाची करुणा भाकली.

रात्री तिने विषय काढला नाही. आतल्या खोलीत पोरी जाग्या, बाहेर वन्सं. शिवाय काढला असता तर ते 'नाही' म्हणाले असते, आणि ते 'नाही' मानून घ्यायचा मोह तिला झाला असता.

सकाळी मधुकरराव आंघोळ करून सदरा घालून बाहेर आले, तेव्हा देवासमोर पाट मांडलेला होता आणि पाटावर त्यांचा जुना रेशमी मुकटा घडी करून ठेवलेला होता. कुंदाने देवघराच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

"आज सोवळ्यात पूजा करा," ती म्हणाली.

"अगं, उशीर होईल. हॉल उघडायचाय."

"हॉल उघडेल रेवती. सदरा काढा."

"कुंदा, सकाळी सकाळी काय हे?"

"काढा म्हणते ना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग देवाकडे. त्यांनी एकेक बटण काढलं. सदरा उतरला. बनियनच्या आत डाव्या बाजूला काहीतरी सेफ्टीपिनने लावलेलं दिसत होतं. कुंदाने ती पिन सोडवली. बिस्किटी वाटी तिच्या हातात आली. आतून ओलसर, डाग पडलेली. आणि त्याखाली जे होतं ते तिने अकरा वर्षांपूर्वी पाहिलेलं होतं, ओळखायला डॉक्टर लागत नव्हता.

"कापूस चिकटतो गं," मधुकरराव अपराध्यासारखे म्हणाले. "ही मऊ होती. मला वाटलं एवढ्या ढिगातली एक गेली तर कळणार नाही."

"कधीपासून आहे?"

"गणपतीच्या आधीपासून. आधी नुसती गाठ होती. दुखत नव्हती."

"आणि मला सांगितलं नाहीत? मला? वन्संचं मी काय काय केलं ते बघूनसुद्धा?" तिला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं आणि कुशीत घ्यावंसं वाटत होतं.

"काय सांगू? बायकांचा रोग मला झालाय? सोसायटीत लोक हसले असते. इराच्या लग्नात मांडवात कुजबुज झाली असती. मला आधी वाटलं असं काही नसतंच पुरुषांना." ते क्षणभर थांबले. "काल विचारायला आलो होतो."

कुंदाला कालचा चहाचा विनोद आठवला. सगळ्या हसल्या होत्या. तेही हसले होते. ती मटकन पाटावर बसली, मुकट्याच्या घडीवरच, आणि पदर तोंडाशी धरून रडली. मधुकरराव उघड्या अंगाने तिच्याशेजारी खाली बसले. देव आपले पारोसेच राहिले.

बरंच रडून झाल्यावर ती उठली. त्यांच्या जखमेवर धुतलेल्या मलमलीची घडी नीट ठेवली, स्वच्छ बनियन घातलं, सदऱ्याची बटणं स्वतः लावली आणि दार उघडलं. दाराबाहेर तिघीही उभ्या होत्या. रडण्याचा आवाज दारापलीकडे गेलाच होता. कुंदाने हातातली वाटी पुढे केली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. मंदावन्संनी वाटी तिच्या हातातून घेतली.

"अण्णांनाही हेच," त्या म्हणाल्या. "हेच होतं ते."

रेवतीने पुढे होऊन मधुकररावांचा हात धरला. "बाबा, मी श्रेयसला फोन लावते. आजच येईल तो." ठाण्याच्या घराचा विषय कालच्याइतका मोठा उरला नव्हता. मिटला होता असंही नाही.

"आई," इरा म्हणाली. ओठ चावत होती. "मी रक्त देतेय."

"दे," कुंदा म्हणाली. "श्रेयसलाही द्यायला लाव. सर्वेशच्या आईला मी स्वतः सांगते. त्या बाईला काय वाटायचं ते वाटू दे."

हॉल खालीच होता, जिन्याला लागून. आत पंखे सुरू होते, सोसायटीतल्या आणि शेजारच्या इमारतींतल्या बायका रांगेत खुर्च्यांवर बसल्या होत्या, पडद्यामागे डॉक्टरीणबाईंचं काम सुरू झालं होतं. कडेला प्रियंका तिच्या आईबरोबर आली होती. कुंदाने तिला लांबूनच खूण केली, की तुझी वाटी मी नव्याने विणून देणार.

दारावर मधुकररावांचाच फळा टांगलेला होता. तो किंचित तिरका झाला होता. सवयीने त्यांनी हात वर करून तो सरळ केला, स्वतःचं अक्षर वाचलं आणि तिथेच थबकले.

"मी बाहेर थांबतो," ते हळूच म्हणाले. "तू जाऊन डॉक्टरांना विचारून ये. त्या सांगतील तिथे जाऊ उद्या."

कुंदाने त्यांचा दंड धरला आणि त्यांना घेऊन आत शिरली. गप्पा एकदम थांबल्या. सगळ्या माना वळल्या. कुणीतरी पदर सावरला, कुणीतरी दुसरीच्या कानाला लागली. टेबलापाशी नावं घेणारी मुलगी गडबडीने उठली. सोसायटीतलीच होती, कुंदानेच तिला या कामाला लावलं होतं.

"काकू, तुम्ही आत या ना. पण काकांना बाहेर थांबावं लागेल. लेडीजचं आहे. तुमच्याबरोबर आलेत का ते?"

"नाही," कुंदा म्हणाली, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "मी त्यांच्याबरोबर आल्ये."